रजिस्टर त्यांनी केलं, वापरताय आधीपासून तुम्ही

वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं करून:

"ताई, २०१२ च्या जूनमध्ये घरातल्या एका शिलाई मशीनवर मी शाळेची दप्तरं शिवायला सुरुवात केली. दोन्ही मुलींच्या नावांतली अक्षरं जोडून एक नाव तयार केलं. तेच नाव आजही बिलावर, पाटीवर आणि दप्तराच्या लेबलवर आहे. आता सहा मशीन आहेत. गेल्या महिन्यात दुसऱ्या राज्यातल्या एका कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. म्हणे, हे नाव त्यांचा रजिस्टर्ड ट्रेडमार्क आहे. १५ दिवसांत वापर थांबवा, शिल्लक माल नष्ट करा, सोबतच्या कागदावर सही करून पाठवा, नाहीतर दावा. त्यांचा अर्ज २०१९ चा आहे. त्यांनी तक्रार करून ऑनलाइन विक्रीच्या साइटवरून माझी दप्तरं काढायलाही लावली. मी नाव कधीच रजिस्टर केलं नाही, पण शॉप अ‍ॅक्ट आणि जीएसटीच्या कागदांवर तेच नाव आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांची जाहिरात दिसली होती, तेव्हा दुर्लक्ष केलं. यजमान म्हणतात, सही कर, नाव बदल आणि मोकळी हो. माझा काही हक्क आहे की नाही?"

सही करू नका.

बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं आधी. नोटिशीला जोडलेल्या त्या कागदाला हमीपत्र म्हणतात आणि त्यात बहुतेक वेळा एक साधंसं वाक्य असतं: 'सदर नावावर कंपनीचा एकमेव हक्क असल्याचे मी मान्य करते.' दुसऱ्याच्या कागदाशी भांडता येतं, स्वतःच्या सहीशी भांडताना भल्याभल्यांची दमछाक होते. १५ दिवसांची मुदतही कायद्याने घातलेली नाही, त्यांच्या वकिलाने घातलेली आहे. तिचा धसका घेऊ नका. पण उत्तर त्या मुदतीतच, ती उलटली असेल तर लगेच जाऊ द्या, कारण गप्प बसलात तर 'नोटीस मिळूनही खुलासा केला नाही' हे वाक्य पुढे दाव्यात हमखास येतं.

आता तुमचा प्रश्न. हो, तुमचा हक्क आहे. रजिस्टर केलं नाही म्हणजे नाव बेवारस, हा समज चुकीचा आहे. व्यापारातलं नाव आपलं होतं ते वापरल्यामुळे. आधीपासून वापरात असलेल्या नावाला रजिस्ट्रेशन नव्याने जन्म देत नाही, ते असलेल्या हक्काला एक भक्कम कागद जोडतं. ट्रेडमार्क कायदा, १९९९ (तो प्रत्यक्षात सप्टेंबर २००३ मध्ये लागू झाला) हे दोन ठिकाणी सांगतो आणि ती दोन्ही कलमं तुमच्या कामाची आहेत.

पहिलं कलम २७. नाव रजिस्टर्ड नसेल तर 'ट्रेडमार्कचं उल्लंघन' या नावाखाली दावा लावता येत नाही, हा त्याचा पहिला भाग. लोक इथेच थांबतात आणि हात टेकतात. त्याच कलमाचा दुसरा भाग म्हणतो की पासिंग ऑफचा दावा लावण्याच्या हक्काला या कायद्याने काहीही बाधा येत नाही. पासिंग ऑफ म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणं. त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: तुमच्या नावाला गिऱ्हाइकांत पत आहे, समोरच्याच्या वापरामुळे गिऱ्हाईक फसतं किंवा फसण्याची शक्यता आहे, आणि त्यात तुमचं नुकसान आहे किंवा होणार आहे.

याचं माझं आवडतं उदाहरण एका फोटो स्टुडिओचं आहे. अहमदाबादेत १९८२ पासून 'मुक्तजीवन कलर लॅब' या नावाने एकाचा व्यवसाय होता. दुसऱ्याने जवळपास त्याच नावाने लॅब काढायचं ठरवलं. पहिला कोर्टात गेला, खालच्या दोन्ही कोर्टांनी मनाई दिली नाही. दोन्ही जागांमध्ये चार-पाच किलोमीटरचं अंतर आहे, हा मुद्दाही तिथे निघाला होता. डिसेंबर २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला आणि मनाई दिली. कोर्टाचं म्हणणं असं की धंद्याचं नाव ही धंद्याची मिळकत आहे, आणि गोंधळ होण्याची शक्यता असेल तर समोरच्याने नाव निष्पापपणे घेतलं असलं तरी मनाई देता येते. तुमच्या बाबतीत ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. ती कंपनी तुमचं नाव चोरायला आलीच असेल असं नाही, अक्षरांचा मेळ योगायोगानेही बसू शकतो. तिचा हेतू काळा होता हे सिद्ध करत बसायची तुम्हाला गरज नाही.

दुसरं कलम ३४, आणि नोटिशीचं उत्तर खरं तर यावरच उभं राहील. रजिस्टर्ड मालक आपल्या आधीपासून सलग वापर करणाऱ्याला अडवू शकत नाही, असं ते सांगतं. पण 'आधीपासून' म्हणजे कधीपासून? कंपनीने नाव पहिल्यांदा वापरलं ती तारीख आणि तिच्या रजिस्ट्रेशनची तारीख, या दोहोंतली जी आधीची असेल तिच्याही आधीपासून. शिवाय रजिस्ट्रेशन प्रत्यक्षात कधीही मिळालेलं असो, कायद्यात ते अर्जाच्या तारखेपासून धरलं जातं.

तेव्हा आजच ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सार्वजनिक शोधपानावर जा. त्याला पैसे लागत नाहीत. नोटिशीतला अर्ज क्रमांक घाला आणि 'वापर कधीपासून' हा रकाना बघा. तिथे एक तर तारीख असेल, किंवा 'वापरण्याचा इरादा' असं असेल, म्हणजे अर्जाच्या वेळी वापर सुरू नव्हता; मग अर्जाची तारीख धरा. समजा तिथे एप्रिल २०१८ आहे. मग तुमची सगळी लढाई एका वाक्यात मावते: एप्रिल २०१८ च्या आधी आणि त्यानंतर आजपर्यंत हे नाव दप्तरांवर सलग वापरात होतं, हे दाखवा.

केवळ अर्ज आधी केला म्हणून कोणी जिंकत नाही, याचंही एक उदाहरण हाताशी ठेवा. भूल देण्याच्या एका औषधाच्या नावावरून निऑन लॅबोरेटरीज आणि मेडिकल टेक्नॉलॉजीज या कंपन्यांत वाद झाला. निऑनचा अर्ज १९९२ चा, पण नावाचा बाजारात वापर २००४ पासून. समोरची कंपनी जवळजवळ तसंच नाव १९९८ पासून वापरत होती. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आधी बाजारात उतरणाऱ्याची बाजू उचलून धरली. आणि कंपनी मोठी म्हणून दबून जाऊ नका. टोयोटाची 'प्रियस' गाडी जपानमध्ये १९९७ ला आली, इथल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका व्यवसायाने ते नाव २००१ पासून वापरलं, आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टात टोयोटा हरली. २००१ मध्ये त्या गाडीची भारतात पुरेशी पत होती, हे तिला दाखवता आलं नाही.

आता पुरावा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण असे दावे युक्तिवादापेक्षा माळ्यावरच्या खोक्यांत जास्त जिंकले आणि हरले जातात.

तुम्ही शॉप अ‍ॅक्ट आणि जीएसटीचा उल्लेख केलात. ठेवा, उपयोगी आहेत, पण त्यांनी नावाची मालकी मिळत नाही. जीएसटी खातं तुमच्याकडून कर घेतं, नाव कोणाचं हे ते तपासत नाही. त्याच नावाने उद्या दुसऱ्या कोणालाही जीएसटी नंबर मिळेल. शिवाय जीएसटी सुरू झाला १ जुलै २०१७ ला, त्यामुळे तो कागद २०१२ बद्दल काही बोलत नाही. उद्यम नोंदणीचं तसंच, ती जुलै २०२० नंतरची. कंपनी म्हणून नाव मंजूर होणं, वेबसाइटचं नाव विकत घेणं, हेही सगळं त्याच पंगतीतलं. यातून 'त्या दिवशी हे नाव वापरात होतं' इतकंच दिसतं. तेवढंही कमी नाही म्हणा.

खरा ऐवज म्हणजे तुमची जुनी बिलबुकं. कार्बन घालून लिहिलेली, खालची गुलाबी प्रत पुसट झालेली. एखाद्या शाळेने शंभर दप्तरं घेतल्याचं बिल असेल, तर त्या शाळेच्या दप्तरीही त्याची नोंद असण्याची शक्यता आहे; तशी प्रत किंवा पत्र मिळतंय का ते विचारा. तिऱ्हाइताकडचा कागद आपल्याकडच्या कागदापेक्षा नेहमी वजनदार. लेबलं छापून घेतल्याची छापखान्याची पावती, बँकेच्या पासबुकात व्यवसायाच्या नावाने जमा झालेले चेक, स्थानिक पेपरातली छोटी जाहिरात, प्रदर्शनात गाळा घेतल्याची पावती, ई-मेलने पाठवलेलं दरपत्रक, सगळं बाहेर काढा. ई-मेल, फोटो आणि मोबाइलमधले संदेश कोर्टात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील तयार करतील, तुम्ही फक्त मूळ फोन आणि मूळ मेल उडवू नका.

मग वर्षवार मांडणी करा. 'सलग' हा शब्द कायद्यात आहे आणि समोरचा वकील त्यावरच बोट ठेवेल. २०१२ चं एक बिल आणि मग थेट २०१९ ची पंधरा, असं चित्र असेल तर तुमची बाजू लंगडी. प्रत्येक वर्षाची थोडी तरी बिलं हवीत. २०२० मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा विक्री बसली असेल तर घाबरू नका. नाइलाजाने धंदा मंदावणं वेगळं आणि नाव सोडून देणं वेगळं. त्या काळातलं भाडं, वीजबिल, एखादी किरकोळ ऑर्डर, जे असेल ते लावा.

आणि एक गोष्ट, आधीच कानात सांगून ठेवते. काही वर्षांचे कागद नाहीत म्हणून कोणी 'आपण करून घेऊ' असा सल्ला दिला तर त्याला दारातूनच परत पाठवा. मी एका प्रकरणात समोरच्या बाजूची वकील होते. त्या पक्षकाराने २०१४ ची म्हणून बिलं हजर केली. कागद छान पिवळट, शाई छान फिकी. आणि वरच्या कोपऱ्यात पंधरा आकड्यांचा जीएसटी नंबर! जीएसटी यायला तेव्हा तीन वर्षं होती. न्यायाधीशांनी ते बिल दोनदा उलटून पाहिलं आणि त्यानंतर त्या माणसाच्या खऱ्या बिलांवरही कोणी विश्वास ठेवला नाही. त्याची बाजू, माझ्या मते, मुळात खरी होती.

नोटिशीचं उत्तर वकिलाकडूनच द्या, पण त्यात काय असावं ते तुम्ही ठरवा. वापर कधीपासून, कोणत्या मालासाठी, कलम ३४ प्रमाणे तुम्हाला अडवता येत नाही, पासिंग ऑफचे आमचे हक्क राखून ठेवले आहेत, आणि ऑनलाइन साइटला केलेली तक्रार मागे घ्या. बस. सगळे पुरावे उत्तराला जोडायची घाई नको. एक-दोन ठळक कागद पुरेत. चिडून 'तुम्हीच चोर' असली भाषा वापरू नका, ते पत्र उद्या न्यायाधीश वाचणार आहेत. ऑनलाइन साइटकडेही स्वतंत्र लेखी आक्षेप नोंदवा. मात्र साइटवाले बहुधा रजिस्ट्रेशन क्रमांक बघून निर्णय घेतात, त्यामुळे तिथून लगेच न्याय मिळेल अशी आशा धरू नका.

उत्तराबरोबरच कॅव्हेट दाखल करा. हे लोक विसरतात आणि मग पस्तावतात. रजिस्टर्ड मालकाला उल्लंघनाचा दावा स्वतःच्या गावच्या कोर्टात लावता येतो, तुमच्या गावात यायची त्याला गरज नाही. तिथे जाऊन तुमच्या माघारी एकतर्फी मनाई मिळवली, तर एखाद्या सकाळी कोर्टाचा माणूस थेट तुमच्या शिवणघरात उभा राहील. कॅव्हेट म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा अर्ज. तो ९० दिवस टिकतो, मग पुन्हा द्यावा लागतो. कंपनीचं ऑफिस जिथे आहे तिथल्या कोर्टात आणि तुमच्या जिल्ह्यातही द्या.

त्यानंतर तुमचा स्वतःचा अर्ज. आता तरी करा. फॉर्म टीएम-ए, ऑनलाइन भरला तर व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपये सरकारी फी आहे. दप्तरं १८ व्या वर्गात येतात. 'जून २०१२ पासून वापरात' असं लिहा, त्यासोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात. रजिस्ट्री त्या कंपनीचं नाव दाखवून हरकत काढेल, हे गृहीतच धरा. पण केवळ त्यांचं रजिस्ट्रेशन आहे एवढ्याच कारणाने तुमच्यासारख्या आधीच्या वापरकर्त्याला नकार देता येत नाही, हेही कलम ३४ मध्येच लिहिलेलं आहे. शिवाय कलम ५७ खाली त्यांचं रजिस्ट्रेशन रद्द करण्याची मागणी रजिस्ट्रीकडे किंवा हायकोर्टात करता येते. पूर्वी यासाठी वेगळं अपील मंडळ होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं. अर्ज दिल्यावर नावापुढे 'टीएम' लिहा. गोलातलं 'आर' हे चिन्ह मात्र रजिस्ट्रेशन हातात येईपर्यंत नको, ते बेकायदेशीर आहे. लेबलवर कोणी हौसेने छापलंय का, तेही एकदा बघा.

तुमच्या बाजूला काय कच्चं आहे, तेही सांगायला हवं. कलम ३४ ही ढाल आहे. ती तुमच्या दप्तरांचं रक्षण करेल, उद्या त्याच नावाने चपला काढल्यात तर करणार नाही. पासिंग ऑफचा हक्कही तुमच्या नावाची पत जिथवर पोचली आहे तिथवरच पोचतो. तुमची दप्तरं तीन-चार जिल्ह्यांत जात असतील, तर कंपनीला देशभर थांबवणं कठीण जाईल. तो दावा तुमच्या सोयीच्या कोर्टात लावता येईलच असंही नाही. समोरचा जिथे आहे, किंवा त्याच्या मालामुळे जिथे गोंधळ झाला, तिथेच तो लागतो. आणि तीन वर्षांपूर्वी जाहिरात पाहून तुम्ही गप्प बसलात, ते चुकलंच. तेवढ्याने हक्क बुडत नाही, पण दावा लावलात तर तातडीची मनाई मागताना 'इतके दिवस काय करत होता?' हा प्रश्न येणार. प्रामाणिक उत्तर तयार ठेवा.

जमेची बाजू म्हणजे नाव घडवलेलं आहे. 'मजबूत दप्तर' असलं वर्णनाचं नाव असतं तर मीच तुम्हाला फार ताणू नका म्हटलं असतं. असं नाव एकट्याचं करून घ्यायला लोकांच्या तोंडी ते खास तुमचंच झालंय हे दाखवावं लागतं, आणि ते सोपं नसतं.

यजमानांचं म्हणणं मी धुडकावून लावणार नाही. कोर्टाची कटकट खरी आहे, खर्च खरा आहे. तुमची बहुतेक विक्री शाळांच्या थेट ऑर्डरवर चालत असेल आणि शाळा नावाला नव्हे, तुम्हाला ओळखत असतील, तर चांगला मोबदला आणि जुना माल विकायला वर्षभराची मुदत घेऊन नाव बदलणं हा शहाणपणाचा सौदाही ठरू शकतो. किंवा दोघांनी आपापल्या हद्दीत, वेगळ्या लेबलने वापरायचं, असा लेखी करार होतो. असे वाद बरेचदा तिथेच मिटतात. पण सौदा करायचा तर हातात पत्ते घेऊन करा. नोटिशीचं उत्तर गेलं, कॅव्हेट लागलं, अर्ज दाखल झाला, की त्याच वकिलाचा फोनवरचा सूर बदललेला तुम्हाला ऐकू येईल.

तूर्त माळ्यावरचं खोकं उतरवा. कागदांवर पेनाने खुणा करू नका, काही चिकटवू नका आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. थर्मल कागदाच्या पावत्यांवरची छपाई उडून जाते, त्यांचे आजच फोटो काढा. पहिल्या बिलबुकावर हाताने लिहिलेली तारीख वाचता येत नसेल तर पान उलटं करून अगदी तळाशी बघा. पुष्कळ बिलबुकांवर तिथे बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असतं. तो छापखाना अजून चालू असेल, तर वकिलाच्या आधी तिथे जा.